कारुसो अजून का ऐकतात?

ऑपेराचा इटालियन टेनर गायक एन्रिको कारुसो २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्ये वारला, तेव्हा तो अवघा ४८ वर्षांचा होता. त्याला रंगमंचावर ऐकलेलं कुणी आता उरलेलं नाही. ज्या वास्तूत तो सगळ्यात जास्त गायला, ते न्यूयॉर्कचं जुनं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउससुद्धा १९६७ मध्ये पाडलं गेलं. तरी आजही एखादा तरुण टेनर पुढे आला की जाणकार त्याला कारुसोच्या शेजारी उभं करून बघतात. ऑपेराचं तिकीट जन्मात न काढलेल्या माणसानंही हे नाव कुठेतरी ऐकलेलं असतं.

प्रसिद्धी ही बहुतेक वेळा ऐकीव असते. अमका मोठा गायक आहे हे आपल्याला आधी सांगितलं जातं, आणि मग आपण ऐकायला बसतो. दाद मात्र आपली आपल्यालाच द्यावी लागते, ती उसनी आणता येत नाही. कारुसोच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढून तपासता येतात, म्हणून त्याची गोष्ट मला मोलाची वाटते. त्याच्या नावाभोवती दंतकथांचा ढीग आहे आणि त्याच्या शेजारी त्याचा प्रत्यक्ष आवाजही शिल्लक आहे.

आधी टेनर म्हणजे काय ते पाहू. पाश्चात्त्य गायनात पुरुषांच्या आवाजाचे ढोबळ तीन प्रकार मानतात. सगळ्यात खालचा बास, मधला बॅरिटोन आणि वरचा टेनर. टेनरचा पल्ला साधारण १३० हर्ट्झपासून ५२३ हर्ट्झपर्यंत, म्हणजे दोन सप्तकांचा. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं, तर पांढरी एक हा ज्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज, त्याच्या तार सप्तकाच्याही टोकाला असलेला षड्ज म्हणजे टेनरचा तो प्रसिद्ध ‘हाय सी’. तिथे नुसतं पोचणं एक वेळ जमतं. पण ऑपेरात तो स्वर भरीव आवाजात, पूर्ण ताकदीनं आणि समोरच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून ऐकू जाईल असा लावायचा असतो.

हे असंच पहिल्यापासून नव्हतं. १८३० च्या दशकापर्यंत टेनर वरचे स्वर हलक्या, जवळजवळ खोट्या आवाजात घेत, आणि तेच सुंदर मानलं जाई. पॅरिसचा लाडका टेनर अदोल्फ नूरी याच पद्धतीचा. रोसिनीच्या ‘गियोम तेल’ या ऑपेरातली अवघड भूमिका १८२९ मध्ये पहिल्यांदा त्यानंच केली. मग १८३७ मध्ये इटलीत तयार होऊन आलेला जिल्बेर द्युप्रे पॅरिसच्या रंगमंचावर उभा राहिला आणि त्याच भूमिकेतला ‘हाय सी’ त्यानं छातीच्या खणखणीत आवाजात लावला. प्रेक्षक वेडे झाले. खुद्द रोसिनीला तो प्रकार आवडला नव्हता. मान कापलेल्या कोंबड्याच्या ओरडण्यासारखा तो आवाज आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात. पण लोकांचा कौल लागला होता. नूरीनं पॅरिस सोडलं. नवी पद्धत शिकण्यासाठी, तीही जवळजवळ चाळिशीला टेकलेल्या वयात, तो इटलीत संगीतकार दोनिझेत्तीकडे गेला. गळा बदलला नाही, जुना आवाजही हातचा गेला, आणि मार्च १८३९ मध्ये त्यानं नेपल्समध्ये आयुष्य संपवलं. त्याचं गाणं तेवढ्यात वाईट झालं नव्हतं. ऐकणाऱ्यांना काय हवं, तेच बदललं होतं. कीर्तीचा विचार करताना मला नूरी नेहमी आठवतो.

तेव्हापासून टेनरवर ती जबाबदारी आली ती आजतागायत. पण मायक्रोफोन नसताना साठ-सत्तर वाद्यांवरून एका माणसाचा आवाज साडेतीन हजार श्रोत्यांच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत जातो कसा? नुसत्या जोरानं हे होत नाही. जोरात वाद्यवृंद कधीही जिंकेल. याचं उत्तर योहान सुंदबर्ग या स्वीडिश संशोधकानं १९७० च्या दशकात मोजमापं करून मांडलं. वाद्यवृंदाच्या ध्वनीची सगळ्यात जास्त ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास असते. त्याच्या वर ती झपाट्यानं उतरत जाते, आणि ३००० हर्ट्झपर्यंत पोचताना वाद्यांचा कल्लोळ बराच विरळ झालेला असतो. तालीम घेतलेला ऑपेरा गायक स्वरयंत्र थोडं खाली ठेवतो, घशाची पोकळी मोठी करतो आणि स्वरयंत्राच्या लगेच वरची नळी अरुंद ठेवतो. त्यामुळे नेमका या ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात त्याच्या आवाजाला जादा झळाळी येते. आपला कानही त्याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. गायक गर्दीला ढकलत नाही, जिथे गर्दी नाही त्या वाटेनं निघून जातो.

जुनी संगीत नाटकं ज्यांनी बिनामाईकची ऐकली, त्यांच्याकडून आवाजाच्या फेकीबद्दल आपण खूप ऐकलेलं असतं. ऑपेरातली फेक ही अशी कमावलेली असते, वर्षानुवर्षं, आणि ती कमावताना आवाज फाटण्याचा धोका रोज असतो.

कारुसोला सुरुवातीला हे सगळं येत होतं असं नाही. २५ फेब्रुवारी १८७३ ला नेपल्समध्ये एका कष्टकरी कुटुंबात तो जन्मला. वडील कारखान्यात कामाला, आणि मुलानंही तेच करावं अशी त्यांची इच्छा. आई गेली तेव्हा तो १५ वर्षांचा होता. पुढे जगभर पसरलेली गोष्ट अशी, की त्याच्या आईवडिलांना २१ मुलं झाली आणि त्यातली १८ लहानपणीच गेली. चरित्रकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा मुलं सात निघाली, आणि कारुसो त्यातला तिसरा. ही अतिशयोक्ती बहुधा कारुसो आणि त्याच्या भावाकडूनच सुरू झाली असावी. गरिबीतून आलेल्या माणसाची खरी कहाणी पुरेशी असतानाही लोकांना त्याहून मोठी कहाणी लागते आणि तो ती पुरवतो, हे मला समजण्यासारखं वाटतं.

त्याचं पदार्पण मार्च १८९५ मध्ये झालं, एका आता विसरल्या गेलेल्या ऑपेरातून. वरचे स्वर सुरुवातीच्या काळात फुटत. आवाज मुळात गडद, बॅरिटोनकडे झुकणारा. ही त्याची अडचण होती आणि पुढे हीच त्याची ओळख झाली. नोव्हेंबर १८९८ मध्ये मिलानला जोर्दानोच्या ‘फेदोरा’त त्यानं नायक रंगवला आणि तिथून नाव झालं. दोन वर्षांत तो मिलानच्याच ‘ला स्काला’ या ऑपेरागृहात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीच्या हाताखाली गात होता. १९०१ च्या डिसेंबरात तो आपल्या गावच्या, नेपल्सच्या सान कार्लो रंगमंदिरात गायला गेला. तिथे स्वागत थंड झालं, समीक्षकांनीही बोल लावले. त्यानंतर तो नेपल्सच्या रंगमंचावर पुन्हा कधीही गायला नाही. सुट्टीत घरी येई, माणसांत मिसळे, पण गाणं नाही. जगानं डोक्यावर घेतलेल्या माणसाला घरच्या अंगणातली उपेक्षा किती खोल लागते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता त्या यंत्राकडे येऊ. एप्रिल १९०२. फ्रेड गाईसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तरुण ध्वनिमुद्रक मिलानच्या ग्रँड हॉटेलात उतरला होता. संगीतकार वेर्दी सव्वा वर्षापूर्वी याच हॉटेलात वारला होता. गाईसबर्गनं कारुसोला ऐकलं आणि दहा गाण्यांसाठी बोलावलं. कारुसोनं मागितले १०० पौंड. लंडनहून तार आली, की रक्कम अवाजवी आहे, मुद्रण करू नये. गाईसबर्गनं ती तार बाजूला ठेवली, असं त्यानं स्वतःच आठवणींत सांगितलं आहे. हॉटेलच्या खोलीत एका दुपारी दहा गाणी मुद्रित झाली.

मुद्रण म्हणजे काय होतं? वीज नाही, मायक्रोफोन नाही. भिंतीतून बाहेर आलेला एक कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि खाली फिरणारी मेणाची तबकडी. गायकाच्या आवाजानं पडदा थरथरायचा आणि सुई मेणात चर कोरायची. सगळी ताकद गळ्याचीच. जोराचा स्वर आला की गायकानं मागे सरकायचं, नाही तर सुई उसळायची. चूक झाली तर पूर्ण गाणं पुन्हा. एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत.

आणि हा कर्णा सगळ्या आवाजांना सारखा वागवत नसे. तो साधारण मधलेच स्वर नीट पकडायचा. दोन-अडीचशे हर्ट्झच्या खालचं आणि अडीच-तीन हजारांच्या वरचं जवळजवळ सगळं गळून जाई. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका वर गेली, की तिच्या आवाजाचा रंग ज्या उपस्वरांत असतो तेच कापले जात आणि उरे तो बारीक, शिट्टीसारखा आवाज. बासचा खालचा घुमार हरवे. व्हायोलिनचा आवाज इतका क्षीण येई, की मुद्रणासाठी लाकडी खोक्याऐवजी कर्णा बसवलेली स्ट्रोह नावाची खास व्हायोलिनं वापरावी लागत. टेनर मात्र बरोबर त्या खिडकीत बसायचा, आणि गडद, भरीव टेनर सगळ्यात छान. कारुसोच्या आवाजाला कर्णा जणू त्याच्या मापानंच केलेला होता.

याच गाईसबर्गशी आपलाही धागा जुळतो. त्याच वर्षी, म्हणजे १९०२ मध्ये, तो बोटीनं कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. मिलानच्या हॉटेलातला तो माणूस आणि कलकत्त्यातला तो माणूस एकच, त्याचं यंत्र त्याच जातीचं. हिंदुस्थानी गायक-गायिकांनी पुढे तीन मिनिटांत राग मांडण्याची जी कला साधली, तिचा उगम आणि कारुसोच्या जागतिक कीर्तीचा उगम अवघ्या सात महिन्यांच्या अंतरावर आहेत.

२३ नोव्हेंबर १९०३ ला कारुसो ‘रिगोलेत्तो’मधून मेट्रोपॉलिटनमध्ये उतरला. पुढच्याच फेब्रुवारीत त्यानं अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीसाठी मुद्रणं सुरू केली आणि अखेरपर्यंत त्या कंपनीशीच राहिला. त्यापूर्वी ग्रामोफोनकडे मोठे कलावंत खेळणं म्हणून बघत. कारुसोच्या तबकड्यांनी ते यंत्र दिवाणखान्यात आणलं. उलट, मिलान आणि न्यूयॉर्कच्या रंगमंदिरांत पाऊलही न टाकलेल्या घरांत त्याचा आवाज पोचला. गायक न येता त्याचं गाणं घरी येतं ही गोष्ट तेव्हा अगदी नवी होती. आज आपल्याला तिचं काही वाटत नाही म्हणून तिचा धक्का कल्पावा लागतो.

तरीही सगळं श्रेय यंत्राला देणं मला पटत नाही. यंत्र इतरांनाही उपलब्ध होतं. १९०० ते १९१० या दशकात २० लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत आली, त्यातली बरीचशी दक्षिणेतली, नेपल्सच्या बाजूची. खाणीत, बंदरात, रस्त्यावर राबणारी आणि तिथे हिणवली जाणारी ही माणसं. त्यांच्यातलाच, त्यांच्याच बोलीत बोलणारा, गोलमटोल हसरा माणूस न्यूयॉर्कच्या धनाढ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावत होता. कारुसो नेपल्सची लोकगीतं मुद्रित करी, इटालियन वर्तमानपत्रासाठी अर्कचित्रं काढी, उभ्याच्या तिकिटावर आलेल्या गर्दीला मानवंदना देई. त्याची कीर्ती त्या लोकांना स्वतःची वाटत होती.

प्रसिद्धीनं त्याच्याकडून वसूलही भरपूर केलं. १८ एप्रिल १९०६ ला सान फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्रीच तिथे ‘कार्मेन’ गाऊन तो पॅलेस हॉटेलात झोपला होता. वाचला, पण त्या शहरात परत गेला नाही. खंडणीसाठी धमक्या आल्या. १९०९ मध्ये स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, तीही आता संपला की काय या कुजबुजीच्या गराड्यात. जानेवारी १९१० मध्ये ली डी फॉरेस्ट या संशोधकानं मेट्रोपॉलिटनमधून रेडिओवर प्रयोग करून पाहिला, त्यातही आवाज कारुसोचाच. १९१८ मध्ये त्याला चित्रपटातही घेतलं, आणि तो चित्रपट मूकपट होता. तो चालला नाही, यात नवल नाही.

या सगळ्या गदारोळात तो माणूस म्हणून कसा होता, हे १९१३ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाला दिसलं. ‘ला बोहेम’च्या प्रयोगात आंद्रेस दे सेगुरोला या बास गायकाचा आवाज ऐनवेळी बसला. कारुसोनं प्रेक्षकांकडे पाठ करून त्याचं बासचं गीत स्वतः गाऊन वेळ मारून नेली. सहकाऱ्याची लाज राखायला जगातला सगळ्यात महागडा टेनर खालच्या स्वरात गायला. १९१६ मध्ये ते गीत त्यानं मुद्रितही केलं. ते ऐकलं की त्या आवाजाच्या तळाला केवढी जागा होती, ते कळतं.

११ डिसेंबर १९२० ला ब्रुकलिनमध्ये गाताना त्याच्या घशातून रक्त येऊ लागलं. रुमालामागून रुमाल लाल होत होते आणि तो गातच होता. शेवटी प्रेक्षकांनीच थांबण्याची विनवणी केली आणि पहिल्या अंकानंतर प्रयोग बंद झाला. पण दोन आठवड्यांच्या आत, २४ डिसेंबरला, तो ‘ला जुईव’मधला म्हातारा एलेआझार गाऊन गेला. तो त्याचा अखेरचा प्रयोग. फुप्फुसाच्या आवरणात पू झाला होता. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि उन्हाळ्यात तो घरी नेपल्सला आला तो तिथेच गेला. राजाच्या परवानगीनं राजघराण्याच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. देह मसाले भरून काचेच्या पेटीत ठेवला गेला आणि पुढे कित्येक वर्षं लोक तो बघायला येत राहिले. कौतुकाचं हे रूप मला अजून अस्वस्थ करतं.

आता दोन नावं शेजारी ठेवा. कारुसोच्या आधी मेट्रोपॉलिटनचा राजा होता पोलंडचा टेनर जां द रेश्के. ज्यांनी दोघांना ऐकलं त्यातले काही द रेश्केलाच वरचढ मानत. त्याचं आज काय उरलं आहे? मेट्रोपॉलिटनचे ग्रंथपाल लायनल मेपलसन यांनी १९०१ च्या सुमारास चालू प्रयोगांत मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेले काही तुकडे. खरखरीच्या पलीकडे कुठेतरी एक माणूस गातोय, एवढंच कळतं. त्याचं मोठेपण आपल्याला विश्वासानं मानावं लागतं.

आपल्याकडे भास्करबुवा बखले कारुसोचे समकालीन, त्याच्यानंतर वर्षभराच्या आत, १९२२ मध्ये गेलेले. त्यांचंही ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. पण बुवांची गोष्ट द रेश्केसारखी झाली नाही, कारण मास्टर कृष्णराव होते, बालगंधर्व होते, ‘स्वयंवर’ची पदं होती. आवाज गेला तरी त्यातलं गाणं गळ्यागळ्यातून पुढे आलं. ऑपेरात ही सोय फारशी नाही. तिथे रचना संगीतकाराची, ती कागदावर सुरक्षित असते, आणि गायकाचं स्वतःचं म्हणून जे असतं ते त्याच्या गळ्याबरोबर जातं. म्हणून टेनरच्या बाबतीत तबकडीला एवढं महत्त्व. कारुसो हा असा पहिला मोठा टेनर, ज्याच्याबद्दल आपण ऐकीव मत न घेता स्वतःचं मत बनवू शकतो.

पुढे पावारोत्ती या इटालियन टेनरला १९९० च्या फुटबॉल विश्वचषकामुळे जी जगभर ओळख मिळाली, तीही याच वाटेवरची, फक्त यंत्रं बदललेली. ज्या ‘नेस्सुन दोर्मा’मुळे तो घरोघरी पोचला, ते गीत कारुसोनं कधी पाहिलंच नाही. ते ज्या ऑपेरातलं, तो ‘तुरान्दोत’ रंगमंचावर आला १९२६ मध्ये.

ऐकायचं असेल तर ‘पालियाच्ची’ या ऑपेरामधलं ‘वेस्ती ला जुब्बा’ घ्या. कारुसोनं ते १९०२, १९०४ आणि १९०७ अशी तीन वेळा मुद्रित केलं, आणि तिन्ही आज इंटरनेटवर सहज सापडतात. पहिल्या दोन्हींत साथीला फक्त पियानो आहे, तिसऱ्यात वाद्यवृंद. हेडफोन लावण्यापेक्षा साध्या स्पीकरवर ऐका, खरखर कमी टोचते. पहिल्या मिनिटात कान फक्त खरखरच ऐकतो. तो टप्पा जाऊ द्या. १९०२ मध्ये आवाज पातळ, चपळ आणि तरुण आहे. १९०७ मध्ये तोच आवाज रुंद झालाय, वर जाताना त्याचा रंग उजळत नाही, उलट दाट होतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींडेसारखी एक सलग ओढ आहे, जी श्वास कुठे घेतला हे कळू देत नाही. मग दोनिझेत्तीचं ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’ १९०४ चं ऐका, तिथे जोर नाही, केवळ दमसास आणि हळुवारपणा आहे. आणि शेवटी ‘ला जुईव’मधलं एलेआझारचं गीत. ते त्यानं सप्टेंबर १९२० मध्ये, त्याच्या अखेरच्या मुद्रणांच्या दिवसांत गायलं. त्यात आवाज जड झालाय, कडेला थकवा जाणवतो, आणि मला तरी त्याच्या सगळ्या तबकड्यांत तीच सर्वांत थोर वाटते.